शरीराची वेसण

बैल कितीही गुणी असला तरी त्याला वेसण लागते, हे आपणांस मी सांगायला नको. वेसण नसलेला खोंड उधळला म्हणजे परक्याचे शेत पाहत नाही आणि धन्याचेही पाहत नाही. वेसण आहे म्हणून त्याची ताकद कामी येते. पण त्याच वेसणीची दुसरीही एक बाजू आहे. रात्री गोठ्यात शिरलेल्या चोराने ती धरली, तर तोच बळकट बैल मुकाट्याने चोराच्या मागे चालू लागतो. आपल्या शरीरातही अशी एक वेसण आहे. ती नसती तर आपण लहानपणीच दगावलो असतो. आणि कर्करोगाची गाठ पुष्कळदा नेमकी तीच वेसण हाती धरते. ही वेसण माणसाला कशी सापडली, त्याची हकीकत आज सांगायची आहे.

मी इतिहास शिकवतो, डॉक्टर नव्हे. मग ह्या वाटेला कसा गेलो? माझे थोरले मामा तालमीत घुमलेले पैलवान. साठीपर्यंत त्यांनी तापाने म्हणून कधी अंथरूण धरले नाही. गालाच्या आत ज्या जागी ते वर्षानुवर्षे तंबाखूची चिमूट धरीत, तिथे एक पांढरा चट्टा उठला आणि पुढे त्याची गाठ झाली. गावातल्या एका जाणत्या गृहस्थाने सांगितले, ‘अंगातली शक्ती कमी पडली आहे. शक्ती वाढवा, गाठ आपोआप विरेल.’ झाले! शक्तीची चूर्णे सुरू झाली. चार महिने गेले. शहरात नेले तेव्हा गाठ जबड्याच्या हाडाला भिडली होती. त्यानंतर मामा दीड वर्ष जगले. आधी नेले असते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. तसे कोणालाच सांगता येत नाही. पण तेराव्याच्या दिवशी मामींनी मला विचारले, ‘‘अरे, तू एवढा शिकलेला. ह्यांच्या अंगात एवढी ताकद होती, मग ऐन वेळी ती गेली कुठं रे?’’

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे शोधू लागलो तेव्हा दिसले की, मामींचाच प्रश्न थोरथोर वैद्यकपंडितांना शंभर वर्षे पडलेला होता.

शरीर गाठीशी लढू शकते, ही शंका प्रथम रुग्णांच्या खाटेपाशीच आली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी विल्यम कोली नावाचा एक तरुण शल्यवैद्य होता. त्याची एक कोवळ्या वयाची रुग्ण हाडाजवळच्या दुष्ट गाठीने गेली. त्या दुःखाने तो रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळत बसला. त्यात त्याला एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. त्या माणसाच्या मानेवर गाठ होती, शस्त्रक्रिया करूनही ती पुन्हा येत होती. पुढे त्याला विसर्प झाला, म्हणजे खेड्यात ज्याला धावरे म्हणतात तो. अंग तापाने फणफणले. आणि ताप उतरला तेव्हा गाठही ओसरली होती. कोलीने तो माणूस शहरात शोधून काढला. अनेक वर्षांनंतरही तो धडधाकट होता. मग १८९१ पासून कोली गाठीच्या रुग्णांना मुद्दाम जंतू, आणि पुढे मारलेल्या जंतूंचा अर्क, टोचू लागला. काहींच्या गाठी विरल्या, पुष्कळांच्या विरल्या नाहीत. का विरल्या आणि का नाही, हे त्याला सांगता येईना. म्हणून त्याचे उपचार मागे पडले.

जर्मनीतील पाउल एर्लिख ह्या शास्त्रज्ञाने १९०९ साली अंदाज मांडला की, आपल्या देहात बिघडलेल्या पेशी वरचेवर निपजत असाव्यात आणि शरीर त्यांचा निकाल लावत असावे. तोच विचार पुढे १९५७ साली ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट ह्यांनी आणि १९५९ साली अमेरिकेच्या लुईस थॉमस ह्यांनी अधिक स्पष्टपणे मांडला. गावात जागल्या फिरतो तशा पांढऱ्या पेशी शरीरात फिरत असतात, अनोळखी दिसेल त्याला हटकतात आणि मारतात, असा त्याचा आशय. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात; अशा लोकांत काही कर्करोग अधिक आढळतात. तेव्हा जागल्या खरा, ह्यात शंका उरली नाही.

पण जागल्या खरा असेल तर चोरी होते कशी? इथे आपण दोन तऱ्हांनी विचार करू शकतो. एक, जागल्याला चोर दिसलाच नाही. दुसरी, जागल्याला चोर दिसला, पण कोणीतरी त्याचा हात धरला. पहिली गोष्टही घडते. गाठीच्या पेशी आपली ओळख लपवतात. पण आपली कथा दुसरीची आहे.

ह्या पेशी घडतात कुठे, ते आधी पाहू. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आकसत जाते. फार काळ तिला निरुपयोगी समजत. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर ह्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. ती पिल्ले रोगांना बळी पडू लागली आणि परक्या उंदराचे कातडे लावले तरी त्यांचे शरीर ते नाकारीना. म्हणजे ही ग्रंथी शरीराच्या शिपायांची तालीम होती! तिथे तयार होणाऱ्या पेशींना थायमसच्या आद्याक्षरावरून टी-पेशी म्हणू लागले.

आता गंमत पाहा. १९६९ साली जपानातील नागोया येथे निशिझुका आणि साकाकुरा ह्या दोघा संशोधकांनी हाच प्रयोग जरा उशिरा, जन्मानंतर तिसऱ्या दिवशी केला. अपेक्षा काय? तालीम मोडली म्हणजे शिपाई थोडे, म्हणजे शरीर दुबळे. घडले भलतेच. उंदरांच्या माद्यांचे अंडाशय नासले. पुढे कळले की, शरीराचे शिपाईच घरच्या अवयवांवर तुटून पडले होते. तालीम मोडल्यावर शिपाई अधिकच बेफाम झाले, ह्याचा अर्थ काय? अर्थ असा की, त्या तालमीतून मारणाऱ्यांबरोबर आवरणारेही बाहेर पडत असावेत, आणि ते थोडे उशिरा बाहेर पडत असावेत. तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली तेव्हा मारणारे आधीच बाहेर पडले होते. आवरणारे आतच राहिले.

त्याच सुमारास, १९७० साली, अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदरांवरील प्रयोगांतून हेच सुचवले. ह्या पेशींना ‘दडपणाऱ्या पेशी’ असे नाव पडले आणि त्यांच्यामागे सारे जग लागले. न्यूयॉर्क राज्यातील ट्रूडो संस्थेत रॉबर्ट नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्याने तर १९८० साली दाखवले की, गाठ वाढू लागलेल्या उंदराच्या टी-पेशी दुसऱ्या उंदरात सोडल्या तर तिथला गाठीविरुद्धचा लढा थंडावतो. म्हणजे मामींच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच दाराशी येऊन उभे होते.

पण इतिहास सरळ रस्त्याने चालत नाही, हे शिक्षक बंधुभगिनी जाणतातच. ह्या पेशी ओळखायच्या कशा, ह्याचे पक्के चिन्ह कोणाजवळ नव्हते. पांढऱ्या पेशींच्या घोळक्यातून नेमक्या त्याच वेगळ्या काढता येईनात. एक चिन्ह सांगितले जात होते. त्यासाठी उंदराच्या गुणसूत्रावरील एक जागाही दाखवण्यात आली होती. १९८० नंतर जनुके प्रत्यक्ष वाचण्याची विद्या आली. त्या जागी जाऊन पाहिले, तर तिथे तसे जनुकच नव्हते! मग काय विचारता? सारा विषयच बदनाम झाला. ‘दडपणाऱ्या पेशी’ हे शब्द उच्चारणेही पंडितांच्या सभेत संकोचाचे झाले. खूण खोटी ठरली म्हणून वस्तूच खोटी, असा निवाडा झाला. कचेरीत सातबाऱ्यावर गट नंबर चुकला, म्हणून जमीनच नाही असे म्हणावे, तशातलाच हा प्रकार.

अशा काळात एक माणूस मात्र जागेवरून हलला नाही. त्यांचे नाव शिमोन साकागुची. जन्म १९५१, जपानातील शिगा प्रांतातला. क्योतो विद्यापीठात वैद्यक शिकलेला हा तरुण निशिझुकांचा तो जुना प्रयोग वाचून नागोयाला गेला. १९८२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ग्रंथी काढलेल्या पिल्लांना निरोगी उंदराच्या टी-पेशी दिल्या तर त्यांचे अवयव वाचतात. म्हणजे आवरणारे आहेत. आता त्यांची खरी खूण हवी. बाकीचे लोक विषय सोडून जात असता हा माणूस पेशींच्या पृष्ठावरच्या खुणा एकेक करून तपासत राहिला. तेरा वर्षे गेली. १९९५ साली खूण हाती आली: सीडी-२५. उंदराच्या मदतनीस टी-पेशींपैकी शेकडा पाच ते दहा पेशींवर ती असते. त्या पेशी काढून उरलेल्या पेशी दुसऱ्या, टी-पेशी नसलेल्या उंदराला दिल्या, की त्याच्या पोटात, गळ्यातल्या ग्रंथीत, अनेक अवयवांत आग पेटे. काढलेल्या पेशी परत दिल्या, की ती विझे. आता ह्या पेशींना नवे नाव मिळाले: नियामक टी-पेशी. जुने बदनाम नाव टाकून दिले गेले.

तरीही शंकेखोर होतेच. त्यांचे तोंड बंद झाले ते एका वेगळ्याच वाटेने. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओक रिज येथे किरणोत्सर्गाचे परिणाम अभ्यासण्यासाठी उंदीर पाळत. १९४९ साली तिथे काही नर पिल्ले खरजुल्या, खवले सुटलेल्या कातडीची निपजली. ती काही आठवड्यांतच मरत. माद्या मात्र ठीक असत. तेव्हा दोष एक्स गुणसूत्रावर असणार हे उघड होते. पण नेमका कुठे, ते सुमारे पन्नास वर्षे कळले नाही. वॉशिंग्टन राज्यातील एका औषध कंपनीत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांनी हा शोध हाती घेतला. गुणसूत्राचा एकेक तुकडा वगळत त्यांनी संशय वीस जनुकांवर आणला. मग एकेक जनुक तपासू लागले. एकोणीस निर्दोष निघाली. दोष सापडला तो विसाव्यात! २००१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या जनुकाचे नाव फॉक्स-पी-३. काही लहान मुलग्यांना जन्मानंतर लवकरच मधुमेह, जुलाब, कातडीचे विकार असे एकदम ग्रासणारे एक दुर्मीळ दुखणे असते; त्यांच्यातही हेच जनुक बिघडलेले आढळले. आणि २००३ साली साकागुचींनी व इतर दोन गटांनी सिद्ध केले की, हेच जनुक नियामक पेशी घडवते. तीस वर्षांपूर्वी दिसलेली सावली आणि ओक रिजचे खरजुले उंदीर एकाच ठिकाणी येऊन मिळाले. २०२५ साली ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची ह्या तिघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बरे, पण गाठीचे काय? आता तिकडेच वळू या.

१९९९ साली जपानातल्या दोन गटांनी, त्यांपैकी एक साकागुचींचा, उंदरांतील सीडी-२५ खुणेच्या पेशी काढून टाकल्या आणि मग त्यांना गाठीच्या पेशी टोचल्या. एरवी ज्या गाठींनी उंदीर हमखास मेला असता, त्यांतल्या कित्येक गाठी विरून गेल्या. शिपाई तेच, गाठ तीच. बाहेरून कसलीही शक्ती दिलेली नव्हती. फक्त वेसण सुटली होती.

माणसांत काय होते? २००४ साली अमेरिकेत टायलर क्युरियेल, वेइपिंग झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बाईच्या गाठीत नियामक पेशी अधिक, तिचे आयुष्य कमी, असे त्यात दिसले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ह्या पेशी तिथे आपसूक जमत नव्हत्या. गाठीच्या पेशी आणि त्यांच्या आसपासच्या भक्षक पेशी एक रसायन सोडत होत्या. त्या रसायनाचा माग काढीत नियामक पेशी येत होत्या. चोराने जणू शांतता राखण्यासाठी पोलीस पाटलालाच बोलावणे धाडले होते!

तिथे येऊन त्या काय करतात? मुख्यतः तीन कामे. पहिले, शिदोरी खाऊन टाकणे. लढणाऱ्या पेशींना वाढायला एक द्रव्य लागते, इंटरल्यूकिन-२. सीडी-२५ ही खूण म्हणजे ते द्रव्य पकडणारा हातच आहे. आणि नियामक पेशींजवळ तो भरपूर असल्याने त्या ते शोषून घेतात. दुसरे काम, इशारा काढून घेणे. शरीरात काही पेशी शत्रूचा नमुना शिपायांना दाखवतात आणि त्याबरोबर ‘चाल करा’ असा इशारा देतात. नियामक पेशींवर सीटीएलए-४ नावाचा एक रेणू असतो. त्याच्या साहाय्याने त्या हा इशाराच खरवडून नेतात. नमुना दिसतो, हुकूम येत नाही. शिपाई उभाच राहतो. तिसरे काम, शांतवणारी द्रव्ये सोडणे. त्यांनी जवळपासचे शिपाई मंदावतात. शिवाय गाठीच्या आत साखर कमी आणि आंबट द्रव्य फार. तिथे लढणारा शिपाई थकतो, पण नियामक पेशी त्यातही तग धरते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. ह्या पेशी फितूर नव्हेत. आई पोटातल्या गर्भाला परका म्हणून टाकत नाही, खाल्लेल्या अन्नावर आतडे पेटून उठत नाही, ह्यात ह्याच पेशींचा वाटा आहे. गाठ ही आपल्याच शरीरातून उगवलेली. पुष्कळ अंशी तिचा चेहरा घरच्या माणसाचा. घरच्याला मारू नका, हेच तर ह्या पेशींचे काम. त्या आपले काम इमानाने करतात. फायदा मात्र गाठीला होतो.

मग वेसण सोडवता येते का? १९९६ साली अमेरिकेतील जेम्स ॲलिसन ह्यांनी सीटीएलए-४ ला बांधून ठेवणारे प्रतिपिंड उंदरांना दिले आणि त्यांच्या गाठी विरल्या. त्याच तत्त्वावरचे औषध २०११ साली अमेरिकेत त्वचेच्या एका घातक कर्करोगासाठी मान्य झाले. २०१८ सालचे नोबेल ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो ह्यांना अशाच दोन लगामांच्या शोधाबद्दल मिळाले. जपानने २०१२ साली रक्ताच्या एका कर्करोगासाठी एक औषध मंजूर केले. त्याची पकड ज्या खुणेवर आहे ती खूण नियामक पेशींवरही असते.

पण वेसण सैल केली की खोंड उधळणारच. ह्या औषधांनी काहींना आतड्याचा दाह होतो, काहींच्या गळ्यातली ग्रंथी बिघडते, यकृत सुजते. सगळ्यांच्या गाठी विरतातच असेही नाही. शिवाय सर्व गाठी एका साच्याच्या नसतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फॉक्स-पी-३ असलेल्या काही पेशी उलट चांगले लक्षण ठरतात, असे २०१६ साली जपानी संशोधकांनी दाखवले. तिथे त्या नावाच्या दोन जाती निघाल्या, एक आवरणारी आणि एक भडकवणारी. म्हणून आजचे शास्त्रज्ञ शोधत आहेत ते हे, की वेसण सबंध शरीरात न सोडता गाठीच्या आतच कशी सोडवावी.

आता मामींकडे परत येऊ. गेल्या दिवाळीत मी त्यांना हे सारे माझ्या परीने सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हंजे ताकद होती. धरून ठेवली होती म्हण की.’’ एवढी लांब कहाणी त्यांनी अर्ध्या वाक्यात सांगितली.

आणि म्हणूनच, श्रोतेहो, ‘शक्ती वाढवा, गाठ विरेल’ असे कोणी सांगितले तर सावध व्हा. प्रतिकारशक्ती ही पोत्यातल्या धान्यासारखी एकच गोष्ट नाही, की ओतली आणि वाढली. तिच्यात मारणारे आहेत तसे आवरणारेही आहेत. आणि कुठलेही चूर्ण पुडीतून उतरून नेमकी गाठीतली वेसण सोडवते, असा पुरावा नाही. ज्या औषधांना थोडेफार यश आले, ती घडायला शंभर वर्षे आणि शेकडो माणसांचे कष्ट लागले. तीही जाणत्या डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असतात. चूर्णाने पैसा जातो त्याचे एवढे नाही. त्याने दिवस जातात, आणि गाठीला हवे असतात ते दिवसच. तोंडात चट्टा किंवा फोड आला आणि दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, कुठे गाठ हाताला लागली, तर ती दुखत नसली तरी दाखवून या. तंबाखूची चिमूट तर आजच टाकून द्या.

शिक्षक मित्रांना एक वेगळी विनंती. नियामक पेशींची ही हकीकत वर्गात जरूर सांगा. मुलांना आपण बहुधा यशाच्या तारखा पाठ करायला देतो. इथे एक खरी गोष्ट खोट्या खुणेपायी सुमारे दहा-पंधरा वर्षे बदनाम झाली, आणि एका माणसाने वाद न घालता, नवा पुरावा शोधून तिला परत आणले. चूक कबूल केली हे शास्त्राचे मोठेपण. आणि टाकून दिलेल्या गोष्टीकडे पुन्हा वळून पाहिले, हेही मोठेपणच. एखाद्या मुलाचे उत्तर बरोबर असते, रीत चुकते. त्याची पाटी पुसण्याआधी त्याला एकदा पुन्हा विचारावे, इतके तरी आपण ह्यातून घेऊ या.